परसातला लाकडी डेक नव्यानं बांधायचा आहे: काळी माती, उधई आणि वळचणीचं पाणी

वणाकाठचा | १८ एप्रिल, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. गाव हिंगणघाट तालुक्यातलं, वणा नदीला लागून. घर जुनं कवेलूचं, मागे परस, परस संपला की वावर. काही वर्षांपूर्वी मोठ्या भावानं शहरातून माणसं आणून मागच्या दारापुढे लाकडी डेक करून घेतला होता. बारा फूट बाय दहा फूट, जमिनीपासून दीड फूट उंच. उन्हाळ्यात दिवस मावळल्यावर बसायला याच्यासारखी जागा नाही, त्यामुळे तो काढून टाकायचा विचार घरात कुणाचाच नाही.

आता अवस्था अशी: मधल्या फळ्या पाय ठेवला की दबतात. घराकडची कड दीडेक इंच खाली गेली आहे आणि वावराकडची उचलली आहे. दोन खांबांवर उधईचे मातीचे पापुद्रे चढले आहेत. काल एका खांबाच्या बुडाशी पेचकस टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. लाकूड पाइनचं आहे आणि खांब थेट मातीत पुरलेले. खाली दगड नाही, सिमेंट नाही, काहीच नाही.

शनिवार-रविवार धरून काम करायचं आहे. मी, मेहुणा आणि गावातले सुतारकाका. मृग लागायच्या आत उरकायचं. फळ्या कोणत्या लाकडाच्या घ्याव्यात, हे मुख्यतः विचारायचं आहे. बाकीही सुचेल ते सांगा.

पुसदकर_हल्ली_पुणे | १८ एप्रिल, रात्री १०:०५

लाकडाच्या भानगडीत पडूच नका. डब्ल्यूपीसीच्या फळ्या मिळतात, लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या. उधई नाही, रंधा नाही, तेलपाणी नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बसवल्या आहेत, अजून जशाच्या तशा.

सुतारपोर_भद्रावती | १८ एप्रिल, रात्री १०:४८

पुसदकर भाऊ, पुण्याच्या गच्चीवर ठीक हाय. इकडं मे महिन्यात त्या फळीवर दुपारी उघडा पाय ठेवून दाखवा. अन् ते उन्हानं लांबीत वाढते. टोकाले जागा सोडली नाई तं फळी मधात कमानीवानी उभी राह्यते. अन् बसवाल कशावर? खालचा सांगाडा तं लाकडाचा नाई तं लोखंडाचाच लागन ना.

वणाकाठचा भाऊ, फळ्याईचं टेन्शन नंतर घेजा. आधी खाली वाकून पाहा. लाकूड मधातून मरत नाई, सांध्यात मरते. खांब मातीत शिरते तिथं, फळी कडीवर टेकते तिथं, अन् फळीच्या कापल्या टोकाले. पाणी तिथंच थांबते. खांब बी पार खोल जाऊन सडत नाई, जमिनीच्या बरोबरीनं सडते. हवा अन् ओल दोन्ही तिथंच भेटते त्याले. तुमचा पेचकस घुसला तो तिथंच घुसला असन, सांगून ठेवतो.

तुमी वरतं सागवान लावा नाई तं चंदन लावा. खांब मातीत असला तं पुन्हा याच धाग्यावर यासान.

वणाकाठचा | १८ एप्रिल, रात्री ११:०२

बरोबर तिथंच घुसला.

काकू_आर्वी | १९ एप्रिल, सकाळी ६:३०

बाळा, लाकूड कोणतं ते ही मंडळी सांगतीलच. मी दुसरं विचारते. दीड फुटाच्या त्या पोकळीत काय काय राहतं ते पाहिलंस का कधी? वावर लागून आहे म्हणतोस, म्हणजे उंदीर येणार. उंदीर आला की मागोमाग घोणस येते, नाग येतो. मण्यार तर रात्रीची फिरते आणि चावल्याचं धड कळतही नाही. आमच्या शेजारी लाकडाच्या ढिगाखाली घोणस निघाली होती, तेव्हापासून मी अंगणात कसलाच ढीग होऊ देत नाही.

एक तर डेक इतका उंच कर की खाली झाडू फिरेल आणि उजेड पोचेल. नाहीतर चारी बाजूंनी बारीक जाळी ठोक. अर्धवट फटी ठेवू नकोस. आणि घरातल्या बायांना विचारलंस का, त्यांना तिथं काय करायचं आहे? कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या घालायला ती जागा लागणार असेल तर कसलं तेल, कसलं औषध लावतोस ते आधी ठरव.

स्थापत्य_अकोला | १९ एप्रिल, सकाळी ९:१५

काकूंचा मुद्दा पटला. सुतारपोर यांचाही. मी त्याच्याही खाली जातो, मातीत.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी धरून फुगतं आणि सुकलं की आकसतं. आत्ता वावरात ज्या भेगा पडल्या असतील त्या आठवा, मग दीड-दोन फुटांवर पुरलेल्या खांबाचं काय होत असेल ते कळेल. दरवर्षी पावसाळ्यात माती त्याला धरून वर उचलते, उन्हाळ्यात सोडून देते, आणि तो परत पहिल्या जागी बसतोच असं नाही. सगळे खांब सारखे वरखाली झाले असते तर तुम्हाला कळलंही नसतं. पण घराकडच्या खांबांवर कवेलूंच्या वळचणीचं पाणी पडत असणार. तिथली माती पावसाळाभर लदलदलेली, म्हणून ती कड बसली. वावराकडची माती फुगली, ती उचलली गेली. पन्हाळ आहे का छपराला?

या मातीत मोठ्या इमारतींसाठी अंडर-रीम्ड पाइल वापरतात. बुडाशी फुगा असलेला काँक्रीटचा खांब, जो मातीच्या हलत्या थराखाली नेऊन रोवतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ही पद्धत आपल्याकडे विकसित केली. डेकला एवढा खर्च करायची गरज नाही. पण आधी एक खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते बघा. चार-पाच फुटांत लागला तर काम सोपं आहे.

वणाकाठचा | १९ एप्रिल, रात्री ८:४०

पन्हाळ नाही. पाणी थेट डेकच्या कडेवर पडतं आणि शिंतोडे पार मध्यापर्यंत येतात.

आज मेहुण्यानं आणि मी कोपऱ्यात खड्डा घेतला. साडेतीन फुटांपर्यंत काळी, मग भुरकट चोपण, चार फुटांच्या थोडं पुढे पिवळा मुरूम. पहार आपटली की खणखणते. नदीकडच्या वावरात मुरूम इतक्यात लागत नाही, घराची जागा जरा उंचावर आहे म्हणून असेल.

स्थापत्य_अकोला | १९ एप्रिल, रात्री ९:३०

मग नशीबवान आहात. असं करा.

नऊ खड्डे, तीन ओळींत तीन-तीन, मुरमापर्यंत. तळाशी दीड फूट चौरस काँक्रीटचा थर, त्यावर नऊ इंची पेडेस्टल, म्हणजे काँक्रीटचा उभा ठोकळा, जमिनीच्या वर किमान सहा इंच येईल असं. पेडेस्टलच्या बाजू गुळगुळीत ठेवा आणि भोवती जाड प्लॅस्टिकचा कागद दुहेरी गुंडाळा, म्हणजे फुगणारी माती त्याला पकडून उचलणार नाही, घसरून जाईल. खड्डा बुजवताना काढलेली काळी माती परत टाकू नका. मुरूम थराथरानं टाका, पाणी मारा, धुमसानं ठोका. वरच्या थराला घरापासून बाहेर उतार द्या, नाहीतर मुरमाचा खड्डा म्हणजे पाणी साठवायचं टाकं होईल.

पेडेस्टलच्या डोक्यात आट्यांचा सोळा मिलिमीटरचा बोल्ट काँक्रीट ओलं असतानाच उभा रोवा. त्यावर नट, नटावर खांबाचं बूड धरणारा लोखंडी बूट, बुटात लाकडी खांब. पुढेमागे एखादा कोपरा बसलाच तर पान्यानं नट फिरवून तो उचलता येईल. काळ्या मातीशी भांडण्यापेक्षा हे बरं.

आणि डेक घराच्या भिंतीला अडकवू नका. घराचा पाया वेगळा हलतो, डेकचा वेगळा. मधे बोटभर फट ठेवा.

भाराचा हिशोब: भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीला चौरस मीटरला साधारण २०० किलो आणि बाल्कनीला ३०० किलो धरतात. तुमचा डेक सव्वाअकरा चौरस मीटरच्या आत आहे, म्हणजे बाल्कनीच्या हिशोबानं ३३०० किलोच्या आसपास. त्यातला चौथा हिस्सा एकट्या मधल्या खांबावर येतो, कोपऱ्याच्या खांबावर सोळावा. लोक कोपरे मजबूत करतात आणि मधला खांब विटेवर उभा करतात.

झाडीपट्टीकर | २० एप्रिल, दुपारी १:२०

बांबूचं कोणी बोललंच नाही म्हणून मी बोलतो. मी साकोलीकडचा. बाजूच्या कठड्यासाठी बांबू घ्या, देखणा दिसतो आणि खराब झाला तर काठी काठी बदलता येते. पण पायाखाली उघड्यावर घालू नका. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात बुडवून बांबू टिकाऊ करतात ते घरातल्या कामाला उत्तम. पावसात ते क्षार धुऊन निघतात, आणि मग भुंगा आहेच. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, कधी त्या बाजूला गेलात तर बघून या.

बाकी लाकडात ऐन आणि बिजा आमच्याकडे भरपूर वापरतात. बिजा टिकाऊ आहे, पण पावसात त्याचा रंग सुटतो. डेकवर बिजा लावलात तर पहिल्या वर्षी खालची फरशी आणि वरच्या माणसांचे पाय दोन्ही पिवळे.

सुतारपोर_भद्रावती | २० एप्रिल, दुपारी २:०५

बाभूळ बी हाय. बंडीचे धुरे, वखर, चाक, सारं बाभळीचं असते, मजबुतीत काई कमी नाई. पण बाभूळ अन् ऐन दोन्हीत टॅनिन, म्हंजे तुरट रस, बम असते. साधा लोखंडी खिळा मारला का पहिल्या पाण्यात खिळ्याभोवती काळं वर्तुळ. सागाले बी होते, थोडं कमी. म्हणून स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू घ्या, ३०४ ग्रेडचे. अन् बाभूळ सुकताना तडकते, वळते. फळीले माझं मत सागच. फक्त गाभ्याचा. कडेचा पांढरा भाग उधई पहिले खाते. सागाले उधई लागत नाई म्हणतात ते गाभ्यापुरतं खरं हाय. दुकानदार फळीत एक इंच पांढरं ठेवून साग म्हणूनच इकते.

निवृत्त_रोपवनवाला | २० एप्रिल, सायंकाळी ६:१०

सागाचा विषय निघालाच आहे तर कागदपत्रांचं सांगतो, कारण पुढचा प्रश्न हमखास येतो, "माझ्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, दोन साग आहेत, तेच तोडले तर?"

स्वतःच्या धुऱ्यावरचा असला तरी साग परस्पर तोडता येत नाही. झाडे तोडण्याच्या नियमनाचा १९६४ चा राज्याचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, बिजा, मोह, आंबा, चिंच, हळदू, तिवस ही सगळी झाडं आहेत. आधी तोडीची परवानगी, मग माल हलवायला वाहतूक परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात. शिवाय ताज्या तोडीचं ओलं लाकूड घेऊन डेक करणं हे सुतारालाही पटणार नाही.

बल्लारपूरच्या लाकूड आगाराचं नाव लोक घेतात. तिथलं लाकूड उत्तमच असतं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली साग तिथूनच गेला. पण तिथं लिलाव लॉटचा असतो, वीस-पंचवीस घनफुटांच्या गिऱ्हाइकाचं ते काम नाही. परवानाधारक व्यापाऱ्याकडून पक्क्या बिलावर घ्या आणि बिल जपून ठेवा.

वणाकाठचा | २७ एप्रिल, रात्री ९:५०

बरीच घडामोड झाली, सविस्तर लिहितो.

आधी माप. सुतारकाकांबरोबर बसून हिशोब केला. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४ म्हणजे घनफूट. चार इंच रुंद, सव्वा इंच जाड, बारा फूट लांब अशा २९ फळ्या, मधे पाव इंच फट धरून. ते झाले बारा घनफूट. दोन बाय चारच्या दहा-दहा फुटी दहा कड्या, साडेपाच घनफूट. कड्यांच्या खाली, त्यांचा भार घ्यायला, तीन बाय पाचचे बारा फुटी तीन सरे, पावणेचार. नऊ आखूड खांब वेगळे. तूट धरून पंचवीस घनफुटांच्या घरात.

नव्या सागाचा भाव ऐकून मेहुणा हसायलाच लागला. मग सुतारकाकांनीच सुचवलं, जुनं घर उतरवलेलं लाकूड बघू. आमच्याच गावात एक धाब्याचं घर पाडून तिथं स्लॅबचं बांधकाम सुरू आहे. सरे, कड्या, दारांच्या चौकटी, सगळं सागवान अंगणात रचून ठेवलेलं. वर चुलीच्या धुराचा काळा थर. काकांनी एका कडीवर रंध्याचा एकच हात मारला आणि खालून जो सोनेरी रंग निघाला, वर सागाचा तो वास, की सौदा तिथंच झाला. त्यांच्या अंदाजानं साठ-सत्तर वर्षांचं लाकूड. जेवढं आकसायचं, वळायचं होतं तेवढं केव्हाच होऊन गेलेलं. रोपवनवाले काका, आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारून, कागद करूनच हलवलं आहे.

आता आरामशीनवाला. त्यानं जुनं लाकूड बघून हात जोडले. एक खिळा लागला की पात्याचे दात गेले. तर सगळं लाकूड घरी आणून लाउडस्पीकरचा जुना लोहचुंबक सुतळीला बांधला आणि कडीच्या चारी अंगांवरून सावकाश फिरवला. डोकं तुटलेला खिळा डोळ्याला दिसत नाही, पण त्याच्यावर आलं की चुंबक अलगद ओढ घेतो. तिथं खडूची फुली करायची. मग पटाशीनं भोवतीचं लाकूड कोरायचं, सांडशी बसेल एवढीच जागा, आणि मागेपुढे हलवत खिळा काढायचा. जुने खिळे चौकोनी आहेत, लोहाराच्या हातचे, सरळ ओढले तर निघत नाहीत. शेवटी आरामशीनवाल्यासमोर चुंबक फिरवून दाखवला तेव्हा त्यानं माल घेतला.

सुतारपोर_भद्रावती | २७ एप्रिल, रात्री १०:३०

वा राजेहो! जुनं सागवान भेटलं म्हणजे अर्धी लढाई जिंकली. काकाईले माझा नमस्कार सांगजा.

दोन गोष्टी. सऱ्याईचे टोकं भिंतीत होते तिथं ते नरम असू शकते. टोचून पाहून तेवढं कापून टाकजा. अन् फटीचं. तुमी एप्रिल-मेत बसवून राहिले, लाकूड आता कोरडं ठक्क हाय. चार इंची फळी पावसाळ्यात दीड-दोन मिलिमीटर फुगते. म्हणून आता सहा मिलिमीटर फट ठेवा, सहाच्या सळईचे तुकडे मधात ठेवून ठोका. लांबीत लाकूड वाढत नाई, तिकडची चिंता नाई. हेच काम ऑगस्टात केलं असतं तं तीनच ठेवाले सांगतलं असतं.

स्क्रूच्या आधी गिरमिटानं नाई तं ड्रिलनं छिद्र पाडजाच. जुना साग कडक असते, टोकापाशी बिनछिद्राचा स्क्रू गेला का फळी चिरते.

दारव्हेकर | २८ एप्रिल, सकाळी ७:४५

उधईसाठी क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक टाकायचं कोणी ना कोणी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. आयएस ६३१३ या मानकात वाळवीच्या बंदोबस्ताची सगळी पद्धत दिली आहे, मात्रा त्यातूनच घ्या. झाकणानं मोजून, अंदाजानं नको. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी-मजूर गेले ते सगळ्यांनी पाहिलं आहे. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर मातीत ओतूच नका.

आणि खरं तर तुमच्या रचनेत त्याची किती गरज उरते ते बघा. उधईला मातीतून लाकडापर्यंत झाकलेली वाट लागते. सहा इंच उघडं काँक्रीट आणि त्यावर लोखंडी बूट असला तर तिला त्यावर मातीची नळी बांधत यावं लागेल, आणि ती नळी तुम्हाला दिसेल. महिन्यातून एकदा वाकून बघा, दिसली की मोडा.

वणाकाठचा | २८ एप्रिल, सकाळी ८:२०

विहीर वीस फुटांवर आहे. औषध रद्द.

पुसदकर_हल्ली_पुणे | २८ एप्रिल, सकाळी १०:००

मी डब्ल्यूपीसीचा हट्ट सोडत नाही, पण चुंबकाची युक्ती आवडली. फिनिशिंगला काय करणार? पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारा, काचेसारखं चकाकेल.

सुतारपोर_भद्रावती | २८ एप्रिल, दुपारी १२:१५

नका मारू. आपल्या इकडचं ऊन वरच्या पापुद्र्याले दोन उन्हाळ्यात तडकवते. मग त्या तड्यातून पाणी आत जाते अन् बाहेर निघाले जागा नाई. उघड्यावरच्या लाकडाले तेल. जवसाचं उकळलेलं तेल भेटते रंगाच्या दुकानात. पातळ हात, जिरू द्या, राहिलं ते पुसून घ्या, मग दुसरा हात. दुपारच्या उन्हात लावू नका, वरतं चिकट साय धरते. संध्याकाळी लावा. फळीच्या कापल्या टोकाले बसवायच्या आधीच दोन-तीन हात पाजा, कारण टोक पाणी ओढते तेवढं अंग ओढत नाई.

अन् हे ध्यानात ठेवाच: जवसाच्या तेलाचे चिंधे गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. त्याईचं तेल हवेत सुकता सुकता तापते अन् गठ्ठा आपोआप पेट घेते. गंमत नाई करून राहिलो. मोकळे पसरून वाळवा नाई तं पाण्याच्या बादलीत बुडवा.

काकू_आर्वी | २८ एप्रिल, दुपारी ३:४०

तेल पूर्ण वाळेपर्यंत कुरड्या त्यावर नाही हं. आणि नंतरही धोतर किंवा साडी अंथरूनच.

वणाकाठचा | १ जून, रात्री ८:१५

झाला एकदाचा. मधे लग्नसराईमुळे मेहुणा गायब होता आणि काँक्रीटवर पाणी मारायला थांबावं लागलं, नाहीतर आधीच झाला असता.

सांगण्यासारखं तेवढं सांगतो. सगळा जीव पेडेस्टलच्या कामानं घेतला, लाकूड त्यामानानं भराभर झालं. नऊही बोल्ट एका पातळीत आणायला पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेतली. गुण्यानं लांबचा काटकोन कळत नाही, म्हणून चौकटीची तिरपी मापं दोन्हीकडून जुळवली. एका बाजूनं तीन फूट, दुसऱ्या बाजूनं चार आणि कर्ण पाच, असा सुतारकाकांचा हिशोब शेवटपर्यंत कामी आला. सऱ्यांची नरम टोकं कापली त्यात एक सरा आखूड पडला. काकांनी मधल्या खांबावर जोड येईल असा टप्पे काढून सांधा केला. तिथं काही कमीजास्त वाटतं का, स्थापत्यवाले दादा?

छपराला पत्र्याची पन्हाळ लावली. तिचं पाणी नळानं सीताफळाच्या आळ्यात सोडलं. खालच्या जमिनीवर उतार करून जाड कागद, त्यावर गिट्टी. चारी बाजूंनी सहा मिलिमीटरची जाळी, आणि एका बाजूची चौकट बिजागरीवर उघडते. काकूंनी सांगितलेला झाडू तिथून फिरतो.

स्थापत्य_अकोला | १ जून, रात्री ९:००

खांबाच्या अगदी डोक्यावर सांधा असेल आणि दोन्ही तुकडे पुरेसे टेकले असतील तर काळजी नाही. दोन खांबांच्या मध्यावर असता तर काढायला सांगितलं असतं. दोन्ही टोकं किमान तीन इंच तरी टेकली आहेत ना ते बघा, आणि शंका असेल तर दोन्ही अंगांना पट्टी ठोका.

वणाकाठचा | १ जून, रात्री ९:२०

चार-चार इंच टेकली आहेत. पट्टीही ठोकतो.

काकू_आर्वी | २ जून, सकाळी ६:१५

दार केलंस हे फार छान. फोटो टाक.

झाडीपट्टीकर | २१ जुलै, सायंकाळी ७:३०

पाऊस कसा आहे तिकडे? डेकची खबर द्या.

वणाकाठचा | २२ जुलै, रात्री ९:१०

वणेला पूर येऊन गेला, घरापर्यंत पाणी आलं नाही. डेकवर पाणी थांबत नाही, फटींतून खाली आणि उतारानं बाहेर. फटी सहाच्या साडेचार झाल्या आहेत, सुतारपोर भाऊंच्या हिशोबातच. वावराकडच्या एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याएवढी फट दिसली, म्हणजे तिथला भार बाकीच्यांवर गेला होता. नट अर्धा आटा फिरवला, परत टेकला. मेहुण्याला हे एवढं आवडलं की आता तो दर रविवारी पाना घेऊन खाली शिरतो. काही बिघडलेलं नसलं तरी.

दारव्हेकर | २२ जुलै, रात्री ९:४५

उधईच्या नळ्या?

वणाकाठचा | २२ जुलै, रात्री ९:५०

घराकडच्या एका पेडेस्टलवर बोटभर चढली होती. मोडली. पुन्हा नाही.

सुतारपोर_भद्रावती | ४ नोव्हेंबर, रात्री ८:०५

दिवाळीले बसले असान सारे तिथं. काय म्हणते डेक?

वणाकाठचा | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३५

बसायला जागा कुठे आहे? सोयाबीन निघालं, पावसाची धास्ती होती, बाबांनी पोती आणून डेकवर रचली. वरून ताडपत्री. आता तिथंच कापूस टाकायचं चाललं आहे. खालून हवा लागते म्हणून माल चांगला राहतो, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नाही. स्थापत्यवाले दादा, चाळीस पोती आहेत, प्रत्येकी साठ किलोच्या आसपास. घराकडच्या भिंतीलगत एका ओळीत उभी रचली आहेत. चालेल?

स्थापत्य_अकोला | ४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

एकूण २४०० किलो, म्हणजे सगळ्या डेकवर सारखी पसरली असती तर हिशोबात बसतात. एका ओळीत असतील तर जवळपास सगळा भार घराकडच्या एकाच सऱ्यावर आणि तीन खांबांवर येतो. तो सरा तेवढ्यासाठी केलेला नाही. उद्या सकाळीच निम्मी पोती मधल्या सऱ्यावर आणि पलीकडे सरकवा, दोनपेक्षा जास्त थर नकोत. आणि आखूड पडलेला तो जोडाचा सरा कोणता आहे? घराकडचाच नाही ना?

वणाकाठचा | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

नाही, जोडाचा मधला आहे. त्याला पट्टी आहे. पोती सरकवली, दोन थरांत. बाबा म्हणतात, इंजिनेराला म्हणावं पुढच्या वर्षी तुरीच्या हिशोबानं आणखी एक सरा घाल.

सुतारपोर_भद्रावती | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

घालू ना. त्या धाब्याच्या घरातलं लाकूड उरलं असन तं इकू नका.